टप्पा शून्य

मत्रहच्या बंदरापाशी लाल बस उभी होती,
वरचा मजला उघडा, टपच नाही.
खिडकीतल्या पोरीने बोटं दाखवली,
सात, आणि वर अर्धा.
माणशी.
मी मनात गुणलं. रियाल असला की दोनशे वीसने गुणायचं,
हे सारिकाने विमानतळावरच शिकवलं होतं,
आणि लगेच म्हणाली होती,
दादा, गुणू मात्र नका, झोप येत नाही.
सोळाशे पन्नास.

एकतीस वर्षं संगमनेर डेपोत तिकिटं फाडली मी.
अकोले, राजूर, कोतूळ मुक्काम.
भाडं टप्प्यावर असतं, टप्पा सहा किलोमीटरचा,
हे मला झोपेतून उठवून विचारा.
म्हणून त्या पोरीला विचारलं, माझ्या तोडक्या हिंदीत,
ही गाडी जाते कुठे?
म्हणाली, सगळीकडे जाते आणि इथेच परत येते.

मग झालं की.
चढलो इथे, उतरलो इथे, अंतर शून्य.
शून्य टप्प्याचं भाडं सोळाशे पन्नास
हे कुठल्या तक्त्यात बसवायचं?
ज्येष्ठ नागरिक सवलत आहे का, म्हणून आधार कार्ड काढलं.
तिने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं,
फोटोला हसली,
आणि अदबीने परत दिलं.

सोमनाथराव फोन पुढे करून पैसे भरायला लागले.
मी त्यांचं मनगट धरलं.
विसाव्या तारखेनंतर जावयांचं बोलणं कमी होतं,
घरातला एसी रात्री बंद होतो,
एवढं मी आठवडाभरात पाहिलंय.
पाण्याची बाटली चव्वेचाळीस रुपये.
चहा तेहतीस, तोही कागदी पेल्यात.
बाजारातल्या उदाचा वास तेवढा फुकट,
म्हणून त्या बोळातून मी दोनदा गेलो.

तेव्हा द्वारका पुढे झाली.
कमरेच्या पिशवीतून रुमाल, रुमालातून दहाची नोट.
भिशीचे पैसे, नाशकात बदलून आणलेले,
मला न सांगता.
म्हणाली, तुम्ही जन्मभर गाडीत होता.
मी गाडीत बसले ती कुणाच्या मयताला,
नाहीतर कुणाच्या बाळंतपणाला.
कुठंच न जाणाऱ्या गाडीत मला एकदा बसायचंय.

बोलणं संपलं तेव्हा ती जिन्यावर होती,
एका हातात निऱ्या, एका हातात कानात घालायची वायर.
गाडी निघाली.
कंडक्टर नव्हता. कुणी दोन घंट्या दिल्या नाहीत.
दार आपलं आपण मिटलं.
माझा हात उगाच वर गेला, दोरी शोधत,
आणि मग मी डोकं खाजवलं.

जावई म्हणाले, अकरा वर्षं झाली इथे,
या बसमध्ये नाही बसलो.
मग काय काय पाहिलंत?
रुवीची गोदामं, म्हणाले. आणि हाच रस्ता, कंपनीच्या व्हॅनमधून.
व्हॅनला पडदे होते.

थोड्या वेळाने ती पोरगी खिडकी सोडून आली उन्हात.
बाई बाकी पैसे विसरल्या होत्या.
दोन रियाल, पाचशे बैसा, माझ्या तळहातावर मोजून ठेवले,
पुन्हा एकदा मोजायला लावले.
सुट्टे नसले की आम्ही तिकिटामागे लिहून द्यायचो,
किती जणांनी मागितले नाहीत,
ते सगळे आत्ता आठवले.
पोरगी आमच्याच खात्याची निघाली.

दोन तासांनी द्वारका उतरली,
नाक लाल, केसांचा पार उकिरडा.
काय पाहिलंस?
सुलतानाचा राजवाडा, मशीद, नुसते उघडे डोंगर.
कानात एक बाई हिंदीत सांगत होती, मी वायर काढली.
आणि?
आणि वळणावरून तुम्ही दिसलात. बाकड्यावर. एवढेसे.
कुणाचं तरी सामान राखत बसल्यासारखे.

तिकीट बघू, म्हणालो.
तिने मूठ मिटली.
नाही देत, म्हणाली. फाडाल.