चवीपुरतं

सहकारनगरच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात
सहा दिवस मी पावत्या फाडल्या.
बँकेतली सवय: आधी अंकी, मग अक्षरी,
आणि शेवटी 'फक्त'.
तांदूळ किलो पाच फक्त.
तूरडाळ किलो एक फक्त.
नाव विचारलं की निम्मे म्हणायचे, नाव कशाला,
उरलेले थांबून वेलांटी तपासायचे.

फळ्यावरची यादी माझ्या अक्षरात होती.
तांदूळ, डाळ, कणीक, पोहे, तेल, साखर,
चहा पावडर, बिस्किटं, काड्यापेट्या.
खाली लाल खडूने: जुने कपडे आणू नयेत.
तरी कुणी आणलाच एक कोट, जरीचा,
त्याच्या खिशात अक्षता.

फुलाबाई खुडे तीन घरची भांडी उरकून आल्या,
पदरात रेशनचा गहू.
"मापून घ्या, ताई. उगं जास्त लिहू नका."
मापला. दीड किलो भरला.
जास्त लिहिलं नाही.
एका गृहस्थांनी दोन पोती बासमती दिली
आणि पोत्यांशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.
हसावं की नाही हे न ठरल्यामुळे
त्यांचा चेहरा थोडा माझ्यासारखा दिसला.

चौथ्या दिवशी रियाझ तांबटकरचा ट्रक
सातारा रस्त्याला लागला,
प्रत्येक पोत्यावर मार्करने माझा मोबाईल नंबर.

सातव्या दिवशी, दिवेलागणीला, फोन.
"हणमंत चौगुले बोलतोय, नदीकडनं.
सगळं पोचलं बघा. लई झालं.
शाळेच्या गच्चीवर चूल मांडलीया,
चारशे माणसांचा भात."
मग नुसता वारा. मग खोकला.
"एक सांगू का, राग नाही न्हवं?
मीठ नाही."

मी म्हटलं, असेल, नीट बघा, पोत्यांच्या मागे.
म्हणाले, बघितलं.
दोन दिवस बघतोय.

फळा अजून पुसलेला नव्हता.
वरून खाली वाचला. खालून वर वाचला.
माझंच अक्षर. किती सुवाच्य.

कोपऱ्यावर ओसवालांचं शटर अर्धं खाली आलेलं.
पारसशेठ म्हणाले, दिवे लागल्यावर मीठ देत नाही आम्ही,
वडिलांच्या वेळेपासून.
मी कारण सांगितलं.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग वडिलांच्या फोटोकडे,
मग शटर पुन्हा वर ढकललं, पार वर.
पन्नास पिशव्या.
माझ्या हातात एकही दिली नाही.
त्यांनी फरशीवर ठेवायची, मी फरशीवरून उचलायची,
नाहीतर भांडण होतं म्हणे.
कुणाशी, ते विचारलं नाही.
पैसे मात्र पुरते घेतले, सुट्ट्यासकट,
त्याचं मला बरं वाटलं.

चौगुल्यांना कळवलं, निघतंय, पहाटेच्या टेम्पोने.
"मागायला लाज वाटत हुती ओ," ते म्हणाले,
"तांदूळ सरकारकडं मागता येतो.
मीठ शेजारी मागायचं असतंय.
आणि शेजार तर पाण्यात."

यावर काय बोलायचं असतं
हे छत्तीस वर्षांच्या काउंटरने शिकवलेलं नव्हतं.
"पोचलं की कळवा," एवढंच म्हटलं.

एक पिशवी फुटकी निघाली, ती घरी आणली.
रात्री पावतीपुस्तक उघडलं:
मीठ, किलो एकोणपन्नास. देणाऱ्याचं नाव
आणि तिथे पेन अडलं.
माझं लिहावं, तर ते दान दिसतं.
ही तर चूक दुरुस्तीची नोंद.
नाव कोरं ठेवलं. अक्षरी लिहिलं, एकोणपन्नास फक्त.

'फक्त'च्या पुढे रेघ ओढायची असते,
मागून कुणी काही वाढवू नये म्हणून.
ती ओढली नाही.