गेरूची दोरी

शुक्रवारी सहाला निघालो
तर अर्धा तास सावली मिळते,
खोरच्या काठी, जिथे गलबतं बांधतात.
गावाचं नाव सूर.
नेमणूकपत्रावर पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो.

घडीचं स्टूल, गुडघ्यावर वही,
ब्लेडने टोक काढलेली टू-बी पेन्सिल.
रंगांची डबी पिशवीतच.
इथल्या उन्हात आकाश भरेपर्यंत ब्रश कोरडा पडतो,
आणि ऑगस्टात उलट,
हवेतच इतकं पाणी की कागद सादळतो,
निळा पसरायला लागला की थांबत नाही.
म्हणून आधी रेघ.
असं मी सांगतो स्वतःला.

हाताला खोड लागली आहे.
सहा दिवस पाइपांची ड्रॉइंगं काढतो,
तीस अंशांत धावणारी, व्हॉल्व्हपाशी थबकणारी.
गलबताच्या पोटाला तीस अंश कुठले चालायला!
ती रेघ नाळेपासून निघते,
भरल्या कुशीने खाली झुकते,
आणि सुकाणूपाशी येईपर्यंत माझा श्वास संपतो.
खोडायचं. पुन्हा.
खोडरबराचा चुरा उडून
समोरच्या सागाच्या भुशात मिसळतो,
कोणाची चूक कुठली, कळत नाही मग.

जुसबभाई मांडवीचा, कच्छी, सुतार.
चहाचा कागदी पेला माझ्या वहीवरच ठेवणार.
त्याला एकदा विचारलं, या जहाजाचा नकाशा कुठाय?
कानामागची पेन्सिल काढून
त्याने कपाळावर टेकवली फक्त.
आधी फळ्या, मग आतल्या बरगड्या,
असं बांधतात हे लोक.
आम्ही उलटं शिकलो.

मला जरा लागलंच ते.
अकरा वर्षांच्या सात वह्या आहेत माझ्या,
सगळ्या शिशाच्या.
निळ्या ट्यूबा दगड झाल्यात, टोपण पकडीने फिरवावं लागतं.
पिवळी एकदाच उघडली,
रजेवर गेलो होतो तेव्हा, मुलीच्या शाळेच्या तक्त्यासाठी.

प्रणिता फोनवर विचारते, रंग कधी काढायचा?
भिंतींचं विचारते ती, कुडाळच्या घराच्या.
गिलाव्यावर तीन पावसाळे गेले.
मी म्हणतो, पुढच्या रजेत.
ती म्हणते, बरं.
ते 'बरं' कुठल्या ट्यूबमधून येतं, कोण जाणे.

आज मात्र एक पाहिलं.
फळी कापण्याआधी
जुसबभाईने वाटीत गेरू कालवला,
दोरी बुडवली, एक टोक भाच्याकडे दिलं,
दुसरं अंगठ्याखाली दाबलं,
मधोमध चिमटीत उचलली
आणि सोडली.
टप्प.
लाल रेघ, सरळ, तरी किंचित थरथरलेली,
कडांना बारीक शिंतोडे.
मग तिच्यावरूनच करवत चालली.
रेघ अर्धी या तुकड्याला, अर्धी त्या,
आणि उरलीसुरली रंध्याने नेली.

म्हटलं, म्हणजे तुम्हीही आधी काढता!
तो म्हणाला, "ये लकीर थोडी है.
ये तो काटने की जगह है."

मी पान उलटलं नाही.
प्यायचं पाणी बाटलीच्या टोपणात ओतलं,
ब्रश ओला केला,
आणि त्याला न विचारता त्याच्याच वाटीत बुडवला.
नाळेवरून पहिला हात मारला.
शिसं खालून दिसत राहिलं,
दोन-तीन चुकलेल्या रेघांसकट.
आधी खोडायला हव्या होत्या. आता निघायच्या नाहीत.
फुंकर मारायला वाकलो
तर वाळलेलंच होतं.

जुसबभाई मागून वाकून बघून गेला.
नाळ जाड झाली, म्हणाला.
झाली होती.

प्रणिताला फोटो पाठवला.
दुपारी, जेवण झाल्यावर, तिचं उत्तर आलं:
हा बाहेरून चांगला दिसेल.
आतल्या खोल्यांना थोडा फिका घेऊया.