जसंच्या तसं

रात्री पावणेअकराला मगदूम जाहिरात खात्यातून खाली आला,
गाडीच्या किल्लीला अडकवलेला पेन ड्राइव्ह
माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला,
मॅडम, चार बातम्या, एक लेख, दोन फोटो.
पान एक आणि पान तीन. जसंच्या तसं.

मी मुद्रितशोधक. सतरा वर्षं
सांगलीच्या ऱ्हस्वदीर्घाची राखण करतेय.
दशक्रियेच्या जाहिरातीतसुद्धा
'दुःखद'मधला विसर्ग कुणाला गाळू दिला नाही.

पहिल्याच ओळीत 'प्रंचड प्रतिसाद'.
अनुस्वार एक घर अलीकडे,
एसटीत दुसऱ्याच्या रिझर्व्हेशनवर बसावं तसा ऐटीत.
मी त्याला उठवायला गेले.
मगदूम म्हणाला, असू द्या, कंपनीकडून मंजूर होऊन आलंय.

कंपनी म्हणजे पक्ष का?
तो हसला. कंपनी म्हणजे कंपनी.
तिला जतकडचा माळ हवाय,
उमेदवाराला विधानसभा,
आपल्याला वर्षभराचा कागद.
आणि बिल?
बिलावर 'दिवाळी शुभेच्छा' लिहायचं.

एप्रिल होता. पंख्याखाली प्रुफं फडफडत होती.

दुपारी बब्रुवान हाक्के स्वतः येऊन गेले होते.
अपक्ष. रिटायर कंडक्टर,
म्हणून निशाणी शिट्टी मागून घेतलेली.
वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी बातमी:
माळाला कुंपण पडलं तर मेंढरं कुठनं न्यायची,
आणि खाली सभेची वेळ.
अकरा चुका होत्या, मी अकराही काढल्या.
वर त्यांना सेंटिमीटरचा दर सांगितला गेला,
तेव्हा सवयीनं त्यांनी खिशातनं
एसटीचा पास काढून दाखवला.
बातमी माझ्या खणात आहे. शुद्ध.

मग फोटो उघडला.
'मिरजेत उसळला जनसागर'. माणसंच माणसं.
मशीनवरचे इलाहीभाई मुलाणी चहा घेऊन आले होते,
ते वाकले, आणि बशी तशीच धरून राहिले.
डावीकडनं चौथा, म्हणाले. पांढऱ्या टोपीचा.
आमचा थोरला.
पुराच्या आदल्या साली गेला की.

मी फोटो मोठा करत गेले.
थोरला आधी चेहरा झाला, मग ठिपके.
मागच्या भिंतीवर पाण्याची रेघ नव्हती,
जी आता मिरजेत त्या गल्लीत
शाळेतली पोरंसुद्धा बोटानं दाखवतात.

मगदूम म्हणाला, चाचा, गर्दी ती गर्दी.
इलाहीभाई म्हणाले, सभा नव्हं ही. उरसातली कुस्ती हाय.
माना बघा की सगळ्यांच्या, खाली हायत, हौद्याकडं.
सभेत माणूस वर बघतो.

दीड वाजता पान सुटलं.
माझ्या सहीनं.
हे मी इथे लिहून ठेवते, कारण पानावर माझं नाव नसतं.

सकाळी मारुती चौकात चहाच्या गाड्यावर
तीन पेपर पडले होते, मालक तीन, गाव एक,
आणि तिन्हींत तो अनुस्वार त्याच चुकीच्या घरात.
गाडेवाल्याच्या मोबाइलवर एक मुलगी
माइक धरून तीच बातमी वाचत होती.
त्या शब्दापाशी ती थबकली.
मला वाटलं, सुधारेल.
तिनं कुणाकडे तरी, कॅमेऱ्याच्या मागे, पाहिलं
आणि स्पष्ट म्हणाली, प्रंचड.

इलाहीभाई पाळी संपवून आले,
हातात रद्दीतला एक अंक.
ब्लेड हाय का, मॅडम?
घरी त्याचा हसतानाचा एकबी फोटो न्हाई.
मी बाकावर पेपर पसरून कापून दिला,
मथळा टाळून, जमेल तितका सरळ.
तरी वरच्या कडेला 'जनसागर'मधल्या र चा
शेपूट राहिलाच.
तो त्यांनी नखानं खरवडून पाहिला.
शाई ताजी होती.
निघाली नाही. टोपीवर पसरली.