दंडाची वही

मंडळाची सुरुवात एका कूलरपासून झाली.
चैत्र सरता सरता चोपड्यात असं ऊन पडतं
की दुपारी कावळासुद्धा नळाची तोटी सोडत नाही.
दगूबाई बडगुजरच्या पोरानं नवा कूलर घेतला,
जुना माडीवर टाकला.
ती म्हणाली, या वं गुरुवारी,
वारा फुकट जातोय.

आधी चौघी गेलो. मग सात. आता अकरा,
आणि हमीदा तडवी, कधी येते, कधी नाही,
तिला धरून साडेअकरा.

खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान.
वर मेंढीकोट. चौघी खेळतात,
बाकीच्या मागून शिकवतात.
मथुरा बोरोले पानं लपवते, वय वर्षं बहात्तर,
पदरात नव्हे, चष्म्याच्या डब्यात.
पकडली की म्हणते, मोतीबिंदू काढलाय माझा,
जणू डॉक्टरनं दश्शी आत ठेवूनच पट्टी बांधली.

नियम तीन.
गुडघ्यांवर बोलायचं नाही.
सुनांवर बोलायचं नाही.
शुगरवर बोलायचं नाही, पेढा खायचा तर मुकाट खावा.
मोडला तर पाच रुपये.
वही माझ्याकडे,
कारण पस्तीस वर्षं मी पोस्टात शिक्के मारले
आणि सुट्टे नाहीत हे कारण मला चालत नाही.

पहिल्याच महिन्यात दोनशे पंचाण्णव जमले.
त्यातले निम्मे एकट्या चंपाबाईचे.
तिची सून चांगली आहे, हीच तिची अडचण.
तक्रार शोधायला आठवडा जातो
आणि सापडली की गुरुवारपर्यंत तोंडात मावत नाही.

शेवंता कधी बोलायची नाही.
बिबड्या भाजून आणायची, वाटायची,
हरायची, डबा धुऊन घरी जायची.
एका गुरुवारी ती चपला न काढताच आत आली,
पन्नासची नोट माझ्या वहीवर ठेवली,
उडू नये म्हणून वर तांब्या.
म्हणाली,
"पयले पैसा घी ल्या.
आज मी गुडघाबी बोलसू, सूनबी बोलसू.
मधमा कोनी बोलानं नही."

कूलर फार आवाज करत होता.
हमीदानं उठून बंद केला.

ती काय बोलली ते वहीत नाही, इथेही नाही.
गुडघ्याला पाच मिनिटं लागली,
सुनेला दहा.
उरलेला दीड तास ज्याला गेला
त्याला आम्ही नियम केलेला नव्हता.
खाली कुणीतरी मशीनचं चाक फिरवून बघत होतं,
थांबत होतं, पुन्हा फिरवत होतं.
घामानं सगळ्यांची पाठ भिजली, कुणी उठलं नाही.

शेवटी तिनं नाक पुसलं, विचारलं, किती झाले?
मी म्हटलं, दहा.
चाळीस परत द्यायला लागले तर म्हणाली, राहू दे,
पुढच्या येळे लागतीन.
तेव्हा मथुरेनं चष्म्याचा डबा उघडला
आणि चौकटची दश्शी चटईवर ठेवली,
कुणी पकडलेलं नसताना.

दिवाळीनंतर दंडाच्या पैशांत जीप केली,
उनपदेवला गेलो.
ऊन पाण्यात पाय सोडून काठावर बसलो,
साड्या वर खोचलेल्या,
आणि मग लक्षात आलं
की एका ओळीत तेवीस गुडघे आहेत
(चोविसावा शेवंतानं अजून पाण्यात घातला नव्हता)
आणि एकीलाही त्यांच्याबद्दल चकार शब्द काढता येत नाही.
कुणीतरी फसकन हसली.
हमीदा इतकी हसली की तिची चप्पल वाहून गेली.

चंपाबाईनं कनवटीचं पाचचं नाणं काढलं,
माझ्या हातावर ठेवलं
आणि शांतपणे म्हणाली,
तुझा डावा भरताच्या वांग्यासारखा दिसतो.

आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही.
तरी मी पाच ठेवून घेतले.