सांगोवांगीची रात्र

माझी रात्र मला ऐकून माहीत आहे.
वरच्या खाटेवरचा धनबहादूर सकाळी दात घासताना सांगतो,
मोरेसभाई, काल तू सत्तावीसपर्यंत गेला होतास.
श्वास थांबला की तो मोजायला लागतो,
तिसापर्यंत आला नाही
तर झाडूच्या दांड्याने गादी ढोसतो.

मोरेस म्हणजे मोरेश्वर.
व्हिसाच्या कागदावर मधला श्व कुठे सांडला कोण जाणे.
फहाहीलमध्ये मी गोव्याचा ख्रिस्ती,
नाताळात फोरमन हात मिळवून केक देतो.
मी खातो.

काम डक्टचं.
अकरा मजल्यांच्या पोटातून थंड हवा फिरवायची,
कुठे अडली, कुठे गळते, टॉर्च घालून बघायचं.
मान वर होत नाही आता,
म्हणून उताणा सरपटत शिरतो.

डॉक्टरीण इजिप्तची.
एक्स-रे उजेडाला धरून म्हणाली, बांबू.
मणक्याला मणका जुळून गेलाय.
मग छातीला टेप गुंडाळली. श्वास घ्या.
टेप जागची हलली नाही म्हटलं तरी चालेल.
घेतलात?
घेतला की, बाई.

आमच्याकडे चिवा तोडला की
खाडीच्या चिखलात दाबून ठेवतात महिनाभर,
म्हणजे भुंगा लागत नाही.
हे तिला सांगावंसं वाटलं.
ती म्हणत होती, झोपेत घसा मिटतो,
मशीन लावून झोपा.
मशीनचे दिनार ऐकले
आणि त्या शुक्रवारी धनबहादूरला मटण खाऊ घातलं.

दसऱ्याला तो गावी गेला.
त्यांच्यात दसरा पंधरा दिवसांचा.

मग फोन उशाशी चालू ठेवून झोपायला लागलो,
पलीकडे कुंदा.
माझे दोन वाजतात तेव्हा तिचे साडेचार,
चूल पेटवते, कान इकडे.
हेही तीच सांगते.
घोरणं तुटलं की म्हणते, अहो.
अहो.
अहोने मी येत नाही.
अहो काय, अर्ध्या वाडीचे नवरे अहोच.

नाव एकदाच घेतलं होतं तिने,
लग्नात, बायकांनी ढोसल्यावर, यमकापुरतं.
त्याला सोळा वर्षं झाली.

चौथ्या रात्री पीठ मळता मळता
तिने हाक मारली म्हणे,
पडवीतली कोंबडी उडाली एवढ्या मोठ्यांदा,
मोरेश्वर!
अख्खं नाव, श्वसकट.

विहिरीच्या तळातून वर यावं
तसा मी खर्रकन आलो, म्हणते.
सासूबाई जाग्या झाल्या, तिला बघत राहिल्या,
काही बोलल्या नाहीत.

मला यातलं काही आठवत नाही.
सकाळी पाठ दगड, जीभ कोरडी.
कुशीवर वळायला अर्धा तास.
गालाखाली फोन तापलेला,
आणि त्यातून
भाकरी थापल्याचा आवाज.