सुवाच्य प्रत

मी त्यांना कधी पाहिलं नाही.
आधी पाकिटं यायची शरणपूर रोडवर, सुतळी बांधलेली,
आता स्कॅन येतात. उजव्या कोपऱ्यात
पेन्सिलीने बारीक: रूपर्ट ट्रेगार्थन.

भांबळ गुरुजींनी चर्चच्या ओट्यावर
खडूने पाच रेघा ओढून शिकवलेलं वाचन,
एवढंच माझं भांडवल. एका मिशनरी बाईंची ओळख,
आणि एकतीस वर्षं, आधी शाईने, मग कंप्युटरवर,
एका माणसाचं संगीत मी
नीट लिहून देते. पानावर पैसे.

सुरुवातीला काय गर्दी!
तांबट आळीत चाळीस हातोड्या एकदम पडाव्या
तसे स्वर. खोडलेले, पुन्हा लिहिलेले,
समास ओलांडून गेलेले,
आणि एक कॉफीचा डाग, जो मी विराम म्हणून उतरवला.
चाळिशीही न गाठलेला माणूस,
सगळं आजच सांगून टाकायचं होतं.
मग कसलंसं बक्षीस मिळालं असावं. कागद जाड झाला.

मग ऑपेरा. सहाशे चाळीस पानं.
केझिया पोटात, टेबल दर महिन्याला वीतभर लांब.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
त्या रात्री तिसरा अंक संपवला.
ऑपेरा दोनदाच झाला म्हणे.
मला पैसे पूर्ण आले.

नंतर दोन वर्षं काहीच नाही.
आलं ते एकट्या व्हायोलासाठी, वर बायकोचं नाव.
पी म्हणजे हळू, दोन पी म्हणजे आणखी हळू.
त्यांनी पाच लिहिले होते.
मी विचारलं, चुकून का?
उत्तर आलं: नाही.

चुकले ती मी, एकदाच.
देवळालीला तोफांचा सराव चालला होता,
खिडकीच्या काचा थरथरत होत्या,
चेलोच्या ओळीत शुद्ध गंधाराचा कोमल झाला.
प्रूफ परत आलं: स्वराभोवती लाल वर्तुळ,
आणि त्या वर्तुळावर काट.
बाकी एक शब्द नाही.
तसंच छापलं. कुठल्याशा कॅथीड्रलात
माझा गंधार वाजला असेल मात्राभर,
कुणाच्या खोकल्यात गेला नसेल तर.

केझिया म्हणते, आई, रेकॉर्डिंगं मिळतात, ऐक की.
मी कंप्युटरचं ऐकते. प्लास्टिकची व्हायोलिनं,
न थकणारी, श्वास न घेणारी.
त्यांचा श्वास कुठे लागतो ते मला हाताने ठाऊक आहे:
तिथे पेन्सिल जराशी दाबलेली असते.

या महिन्यात चौकडी आली.
स्वर रेघेवर ठरत नाहीत,
घडातून सुटल्यागत खाली ओघळतात.
कुठला कुठल्या रेघेचा, हे मीच ठरवते,
विचारत नाही.
शेवटची चार पानं नुसते विराम,
चारही वाद्यांना. मोजून एकशे बारा बार.

रिकाम्या पानांचेही लावणार पैसे?
केझिया दारातून विचारते.

एकेक विराम मी तिसऱ्या रेघेवर
मधोमध बसवला. दुपार गेली.
मग बिल केलं,
सगळ्या पानांचं.