चार बोटं जागा

मे महिन्यात तांडापेठेत कूलरची मोटार बोलते,
माणसं गप्प असतात.
हर्षालीचा फॉर्म खाटेवर, उडू नये म्हणून वर अडकित्ता.
सहा वर्षांचं पाचात.
बी.टेक. आणि एम.टेक. एकाच प्रवेशावर,
मधे पुन्हा परीक्षा नाही, पुन्हा यादी नाही,
पुन्हा कोणाला विचारणं नाही.
हे शेवटचं छापलेलं नव्हतं.
ते मी वाचलं.

उमरेडहून सकाळच्या एसटीनं आले ती त्यासाठीच.
माझी बी.एस्सी. संपली मेमध्ये,
एम.एस्सी.चे फॉर्म निघणार होते जुलैत.
तेवढ्यात चार घरची माणसं
आमच्या सतरंजीवर बसून तर्री-पोहे खाऊन गेली.
वाईट कोणीच नव्हतं.
चौथ्यांना मी पसंत पडले.
वह्या रद्दीत नाही घातल्या कोणी,
पेटीत ठेवल्या, वर डांबरगोळ्या टाकून.
म्हणून मला माहीत आहे,
दोन पदव्यांच्या मधे जो रिकामा उन्हाळा असतो
त्याच्या दाराला कडी नसते.

बाबा कपाळावरचा चष्मा खाली घेतात.
चाळीस वर्षं मागावर बसले, आता गांधीबागेत
दुसऱ्याच्या दुकानात थानं मोजतात.
पदवीचं त्यांना काही विचारू नये,
कापडाचं विचारावं.
"म्हंजे धोतरजोडी," ते म्हणतात.
"ताणा एकच. एक धोतर विणून झालं
का चार बोटं जागा सोडाची,
नुसता ताणा, बाणा नाही.
मंग दुसरं सुरू."

नाही बाबा, मी म्हणते, यात जागाच नाही सोडलेली.
तेच तर.
ते उत्तर देत नाहीत. बोट फिरवत राहतात कागदावर
आणि चौदाव्या कलमाशी नख थांबतं,
विणीतला तुटका धागा लागावा तसं:
चौथ्या वर्षाअखेर विद्यार्थ्यास
एक पदवी घेऊन बाहेर पडता येईल.
पुढे दोन चौकोन. होय. नाही.

"हे पाय. सोडली ना."

कूलर कोरडा फिरायला लागतो.
हर्षाली उठते, बादली ओतते,
ओल्या हातांनीच बोलते:
ताई, तू भांडू नको वं.
मला तर मधे एक उन्हाळा पाहिजेच होता.
काही करायला नाही. झोपायला.
फुटाळ्यावर संध्याकाळी कणीस खात
कोणाच्याही पुढे न जाता बसायला.
दहा सेमिस्टर, आणि सुट्टीत प्रोजेक्ट.
वर्ष वाचते म्हणतात सगळे.
वाचलेलं वर्ष मला देणार कोण,
आन कधी?

मी तिच्याकडे पाहत राहते.
मला कडी हवी होती,
हिला खिडकी हवी आहे.
नऊ वर्षांचं अंतर आमच्यात,
आज पहिल्यांदा मोजलं.

जागा सोडली का कापावंच लागते, बाबा?

ते चष्मा पुन्हा कपाळावर ढकलतात.
"विणणारा कुठं कापते? आमचं काम सोडाचं.
कापते थो घेणारा.
आन काही काही लोक तर कापतच नव्हते.
तशीच जोडी, अख्खी, पेटीत."

घेणारा कोण, यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.
एक होता, पालकाची सही.
हर्षालीनं बाबांच्या हातून पेन घेतलं,
घाईत तिथं स्वतःचंच नाव लिहिलं,
मग जीभ चावून खोडलं.
खोडलेलं स्पष्ट वाचता येत होतं.

चौकोन अजून कोरे.
साडेतीनची उमरेड मी सोडली.
साडेपाचला आहे एक.